चौथा कोपरा का मिटत नाही?

या वेळी जवळपास सगळे प्रश्न मायटर सॉचेच, म्हणजे फळी हव्या त्या कोनात आडवी तोडणाऱ्या विजेच्या मशीनचेच आलेत, त्यामुळे रंधा-पटाशीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : ताई, मी हौस म्हणून घरातलीच कामं करतो, शेल्फ, फोटोफ्रेम, भिंतीच्या कडेची पट्टी असलं. १० इंची ब्लेडची मशीन घेऊ का १२ इंची? आणि स्लायडिंगवाली, म्हणजे ब्लेड दांड्यांवर पुढेमागे सरकणारी, लागतेच का? मित्र म्हणतो घ्यायचीच तर मोठी घे.

मित्राला ती दर रविवारी कपाटातून उचलून बाहेर काढायची नाहीये ना, म्हणून म्हणतो तो. आधी एक बघा, तुमचे बहुतेक काप आडवे आहेत का? कारण मायटर सॉ फळी आडवी तोडते, सरळ किंवा तिरकी, आणि तिचं काम तिथेच संपतं. फळी लांबीत चिरायची किंवा प्लायचं अख्खं शीट कापायचं तर ही मशीन नाही, त्याला हातातली सर्क्युलर सॉ किंवा टेबल सॉ. हे माहीत नसताना घेणारे बरेच असतात आणि मग महिन्याभराने विचारतात की यावर शीट कसं ठेवू.

साधी १० इंची मशीन सरळ कापात साधारण साडेपाच-सहा इंच रुंदीची फळी एका दमात तोडते, ४५ अंशाला तेच चारेक इंचावर येतं. फ्रेम आणि पट्ट्यांना हे भरपूर झालं. शेल्फच्या १०-१२ इंची फळ्या खरंच नेहमी तोडणार असाल तर स्लायडिंग घ्या, पण बऱ्याच स्लायडिंग मशीनचे दांडे मागे जातात त्यामुळे टेबल भिंतीला चिकटवता येत नाही, आणि सरकणारा भाग जितका जास्त तितकी तो ढिला पडायची शक्यता जास्त. १२ इंचीचं ब्लेड मोठं, महाग, आणि जरा थरथरणारंसुद्धा. मला विचाराल तर १० इंची घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगलं ब्लेड घ्या, कारण मशीनसोबत येणारं ब्लेड बहुतेकदा २४ ते ४० दात्यांचं असतं, ते जाड लाकूड भराभर तोडायला ठीक आहे पण फ्रेमला ६० ते ८० दाते हवेत. ब्लेड मायटर सॉसाठीचंच मागा, त्याच्या दात्यांचा कल कमी किंवा उलटा असतो. टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दात्यांचं ब्लेड बसवलं तर ते फळी धरून ओढतं.

लेझर आहे का नाही यावर निवड करू नका. लेझर सरकतो, हलतो, परत जुळवावा लागतो. त्यापेक्षा ब्लेडची सावली पाडणारा एलईडी बरा, सावली ब्लेडचीच असते त्यामुळे ती चुकत नाही.

प्रश्न : नवी मशीन आहे, ४५ वर खटकन बसते, तरी फ्रेमचे तीन कोपरे जुळतात आणि चौथा उघडाच राहतो. पुट्टी भरून कंटाळलो. मशीन खराब आहे का?

मशीन खराब नाहीये बहुतेक, गुण्यात नाहीये, म्हणजे तिचे कोन नीट जुळलेले नाहीत. नवी म्हणजे जुळवलेली असं कुणी सांगितलं? खोक्यातून येईपर्यंत ती किती ठिकाणी आपटलेली असते.

हिशोब बघा, फ्रेमला चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप नुसता अर्धा अंश चुकला तर आठ काप मिळून ४ अंश होतात, आणि तीन कोपरे तुम्ही दाबून जुळवले की सगळी चूक चौथ्यात जाऊन बसते. म्हणून तो चौथा बिचारा बदनाम.

आधी चूक कोनाची आहे का लांबीची ते ओळखा. चारही पट्ट्या गोंद न लावता पट्टा आवळून उभ्या करा. सगळे कोपरे आतल्या बाजूने उघडे किंवा सगळे बाहेरच्या बाजूने उघडे दिसले तर कोन चुकलाय. काही आत काही बाहेर असं झालं तर बहुतेक समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या नाहीत, त्या पाठीला पाठ लावून धरा आणि टोकावरून बोट फिरवा, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटाला कळतो, डोळ्याला नाही कळत. लांबीवर उपाय म्हणजे फेन्सला, फळी टेकवायच्या मागच्या उभ्या कडेला, एक ठोकळा क्लॅम्प करायचा, पट्टी त्याला टेकवायची आणि कापायची, टेप परत काढायचाच नाही. फक्त हा ठोकळा तुम्ही धरलेल्या तुकड्याच्या बाजूला हवा. कापून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावलात तर तो तुकडा ब्लेड आणि ठोकळ्यात अडकून उडतो.

आता कोन. प्लग काढा, ब्लेड खाली घ्या आणि गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) एक बाजू फेन्सला, दुसरी ब्लेडच्या पत्र्याला टेकवा, दात्याला नाही, दाता पत्र्यापेक्षा जाड असतो. टेबल आणि ब्लेडमधला काटकोनही असाच तपासा, हे लोक हमखास विसरतात. मग खरी परीक्षा अशी की चारेक इंच रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली फळी शून्यावर मधोमध कापा, एक अर्धा भाग पालथा करा म्हणजे त्याची दुसरी कड फेन्सला लागेल, आणि दोन्ही कापलेली टोकं जुळवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही लपत नाही. स्क्रू ढिले करून फेन्स किंवा स्केल जुळवा, परत कापा, परत बघा. पाऊण तास जातो, मान्य आहे.

एवढं करूनही ४५ ला केसभर फरक राहिलाच तर पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता फेन्स आणि पट्टीच्या मध्ये, एका टोकाशी सरकवा. पत्ता साधारण ०.३ मिलिमीटर जाड, तो ब्लेडपासून १०० मिलिमीटरवर ठेवला तर कोन पाव अंशापेक्षाही कमी बदलतो. आणि तिरक्या कापात पट्टी हळूच घसरते, हात घट्ट आहे असं वाटतं पण ती घसरतेच, म्हणून फेन्सला सँडपेपरची पट्टी चिकटवा आणि क्लॅम्प लावा.

प्रश्न : प्लायची पट्टी कापली की खालच्या बाजूने ढलप्या निघतात.

दाते वरून आणि समोरून आत शिरतात, खाली आणि मागे बाहेर पडतात, म्हणून दिसणारी बाजू वर ठेवा. कापाच्या जागी मास्किंग टेप, खाली टाकाऊ फळीचा आधार, जास्त दाते आणि हळू हात. एवढं पुरतं.

प्रश्न : परवा छोटा तुकडा कापताना मोठा आवाज झाला आणि तुकडा कुठे गेला ते दिसलंच नाही. माझं काय चुकलं?

माझाही असाच एक तुकडा कानाजवळून गेलाय, तेव्हापासून बोटभर तुकडे मी हाताने धरून कापतच नाही. हात ब्लेडपासून किमान ६ इंच लांब हवा, आणि तेवढी जागा उरत नसेल तर तुकडा क्लॅम्पने धरा नाहीतर आधी लांब पट्टीतच काप घ्या. दुसरं म्हणजे काप झाल्यावर ब्लेड फिरत असतानाच वर उचलू नका, स्विच सोडा, थांबू द्या, मग उचला. फळीला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे, नाहीतर कापताना फट मिटून ब्लेड आवळलं जातं. गोल काठी लोळते, तिला खाच पाडलेला ठोकळा द्या. स्लायडिंगवर आधी पुढे ओढा, मग खाली दाबा, मग मागे ढकला. ओढत ओढत कापलंत तर ब्लेड तुमच्या अंगावर चढून येतं. हातमोजे नको, चष्मा आणि कानाला मफ हवेतच. भुशाचं म्हणाल तर लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच म्हटलंय, आणि या मशीनची भुसा गोळा करणारी पिशवी निम्माही भुसा पकडत नाही असा माझा अनुभव, म्हणून मास्क लावा आणि जमलं तर व्हॅक्यूम जोडा.

प्रश्न : याच मशीनवर लोखंडी पाइप कापू का?

नको. ठिणगी आणि आत साठलेला भुसा, कळलं ना? लोखंड कापायची चॉप सॉ वेगळी येते.

प्रश्न : ब्लेड बदलायचंय पण मधला बोल्ट हलतच नाहीये, पाना वाकायची वेळ आली.

उलटा फिरवून बघा. बहुतेक मायटर सॉच्या बोल्टला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तो सुटतो, कारण सरळ आटे असते तर फिरणाऱ्या ब्लेडने तो आपोआप ढिला केला असता. प्लग काढलाय ना ते बघा, शाफ्टचं लॉक बटण दाबून ठेवा. नवं ब्लेड घेताना मधल्या भोकाचं माप आणि त्यावर छापलेला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनपेक्षा जास्त आहे ना ते तपासा, आणि बसवताना ब्लेडवरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळवा. ब्लेड बदललं की गुण्या परत एकदा लावा.