नाण्यांचा मेळावा झूमवर

प्रश्न : दादरला दरवर्षी भरणारा आमचा नाणेसंग्राहकांचा मेळावा यंदा झूमवर घेतोय. पण कॅमेऱ्यासमोर नाणी नुसती चमकतात, अक्षरं लागत नाहीत. काय करावं?

उत्तर : दोष वरून पडणाऱ्या उजेडाचा. ट्यूबलाइट, फ्लॅश बंद करा. टेबललॅम्प एकाच बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर धरा. अक्षरांच्या उठावाची सावली पडली की झिजलेल्या शिवराईवरचं (शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावरचं) ‘श्री राजा शिव’ही वाचता येतं. मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा, मागचा कॅमेरा खाली, नाण्यापासून वीतभर वर; फार जवळ गेलात तर फोकस सुटतो. लॅपटॉपही त्याच बैठकीला जोडलेला असेल, तर मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. झूमची मोफत बैठक 40 मिनिटांत तुटते, तेव्हा सत्रं तेवढीच आखा. आणि दाखवण्यासाठी नाणं घासूनपुसून चकचकीत करू नका, कृपा करून!