रोज शहरात चालवायला, प्रदूषणाच्या नियमांत बसेल आणि कंबरही शाबूत ठेवेल अशी जुनी गाडी कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की रोजचं येणं-जाणं मिळून बारा किलोमीटर, तेही सगळं गर्दीतून. कंबरेचं दुखणं जुनं आहे. शहरात धूर सोडणाऱ्या गाड्यांवरची बंधनं वाढत चालली आहेत. आणि एक डिझेल गाडी तुम्ही जवळपास पक्की केली आहे, कारण ती 'युरो ६' (युरोपच्या धुराच्या नियमांची सहावी पायरी) आहे, सीट छान आहेत आणि विकणारा म्हणतो, पुढची कितीतरी वर्षं कुणी अडवणार नाही.

विकणारा कदाचित खरंच बोलत असेल. तरी ती गाडी घेऊ नका. नियमात बसणारी गाडी आणि शहराला मानवणारी गाडी एकच असते असा माझाही समज होता, आणि तो मला बराच महागात पडला.

माझीही अशीच डिझेल होती. मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी चालायची. ऑफिस सहा किलोमीटरवर. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. मी म्हटलं, बरंय की, ऑइल खात नाही गाडी. तो काही बोलला नाही, डिपस्टिक सरळ माझ्या नाकाखाली धरली. डिझेलचा भपकारा आला.

झालं होतं असं: या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी जाळी साधारण ६०० अंशांपर्यंत तापवावी लागते. ते तापमान गाठायला गाडी थोडं जादा डिझेल सोडते, आणि हे काम दहा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चाललं तरच पुरं होतं. सहा किलोमीटरच्या रडतखडत प्रवासात इंजिन जेमतेम गरम होतंय तोवर आपण किल्ली फिरवून मोकळे. जाळणं अर्धवट राहतं, उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्या फसलेल्या प्रयत्नांतलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढते, पण ते पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) फार दिवस काढत नाही. मेकॅनिकचा सल्ला होता की आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर फिरवून आणा. कुत्र्याला फिरवतात तसं मी दर रविवारी गाडीला फिरवायचो. चार महिन्यांनी विकली.

आता नियमांचं. शहरं गाड्या दोन प्रकारे अडवतात: काही गाडीचा वर्ग बघतात (युरो ४, युरो ६ असा), काही वय. लंडनमध्ये २०१९ पासून जो अतिकमी प्रदूषणाचा विभाग आहे, तिथे पेट्रोल गाडीला युरो ४ पुरतं, डिझेलला मात्र युरो ६ लागतं. पहिल्यांदा वाचलं की हा डिझेलवर अन्याय वाटतो. पण आकडे बघा. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूंची मर्यादा डिझेलसाठी युरो ३ मध्ये किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम होती, मग ०.२५, मग ०.१८ आणि युरो ६ मध्ये ०.०८. पेट्रोल गाड्यांना हीच ०.०८ ची अट युरो ४ मध्येच लागली होती. म्हणजे २००६ ची साधी पेट्रोल गाडी आणि २०१५ ची झकपक डिझेल या बाबतीत एकाच रांगेत उभ्या असतात. जुनी गाडी घेणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर निवड निम्मी सोपी होते.

दिल्लीने उलटा हिशोब केला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल ही रेघ कायम ठेवली, आणि २०२५ मध्ये त्यावर पुन्हा कोर्टात खल झाला. या पद्धतीत गाडी किती स्वच्छ आहे हा प्रश्नच मागे पडतो, जन्मतारीख पुढे येते. तुमच्या शहराचा हिशोब यातला कोणता, ते आधी बघा. दोन्हीकडे पेट्रोलचं पारडं जड आहे, हे एव्हाना दिसलं असेलच.

आणि वर्षावरून वर्गाचा अंदाज बांधू नका. युरोपात युरो ६ सगळ्या नव्या गाड्यांना सप्टेंबर २०१५ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्या वर्षी नोंदलेली गाडी युरो ५ असू शकते आणि २०१४ ची एखादी युरो ६ निघू शकते. भारतात मात्र आपल्या धुराच्या नियमांनी, म्हणजे 'भारत स्टेज'ने, ४ वरून पाचवी पायरी गाळून थेट ६ वर उडी मारली, १ एप्रिल २०२० ला. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर वर्ग लिहिलेला असतो तिथे तो स्वतः वाचा. नंबर टाकून तपासायची सोय तुमच्या शहराने दिली असेल तर तीही वापरा. विकणाऱ्याच्या जाहिरातीत 'युरो ६' लिहिलंय म्हणून ती युरो ६ होत नाही.

माझं ऐकायचंच नाही असं ठरवलं असेल आणि डिझेलच हवी असेल, तर निदान इतकं करा: २०१९ च्या सप्टेंबरनंतर नोंदलेली बघा. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सोवळं नेसायचं. त्यानंतर युरोपात गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजायला लागले. २०१७ मध्ये नव्या मॉडेलपासून सुरुवात झाली आणि २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला ते लागू झालं. एकाच 'युरो ६' च्या नावाखाली त्याआधीच्या आणि नंतरच्या गाड्यांत बरंच अंतर आहे, आणि उद्या नियम आवळले तर कात्री आधी कुणावर चालेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मग घ्यायची कोणती? तुमच्यासाठी माझा पहिला कौल हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीला, दुसरा साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल ऑटोमॅटिकला.

टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये क्लच नावाची वस्तू नसते, वेगळी स्टार्टर मोटर नसते, अल्टरनेटर नसतो. शहरात गाड्या दमतात त्या बहुतेक याच भागांमुळे. सिग्नलला इंजिन बंद, निघताना मोटर गाडी ओढते, थांबताना तीच मोटर वेग गिळून बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेकचे पॅडही टिकतात. आणि आराम म्हणाल तर गिअर बदलतानाचा झटका नाहीच, कारण बदलायला गिअरच नाहीत. लोक बॅटरीला घाबरतात. बॅटरी मरतेही, पण पुष्कळदा ती वयाने मरत नाही, गुदमरून मरते. मागच्या सीटच्या बाजूला एक झरोका असतो, त्यातून पंखा बॅटरीला हवा देतो. आधीच्या मालकाचं कुत्रं मागे बसत असेल, मुलं खाकरे खात असतील, तर तो झरोका केसांनी आणि भुग्याने बुजलेला असतो. मी जी गाडी बघायला गेलो होतो तिच्या झरोक्यात बोट घातलं तर बोटावर करड्या लोकरीची गुंडाळी आली. नमस्कार करून परतलो. दुसऱ्या गाडीचा झरोका स्वच्छ होता आणि मालकाकडे फिल्टर बदलल्याची पावती होती. तीच आता दारात उभी आहे.

एक सावधगिरी: या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यावर, चोरांचा डोळा असतो, त्यात पॅलॅडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात म्हणून. रात्री गाडी रस्त्यावर उभी करणार असाल तर याचा विचार करा.

साधी पेट्रोल घेताना गिअरबॉक्सवर अडून बसा. टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) जुना, सुस्त ऑटोमॅटिक गर्दीत सगळ्यात गुणी. कोरड्या क्लचचे दुहेरी क्लचवाले गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर सुरेख, पण मुंगीच्या पावलांनी सरकताना क्लच सतत घासत राहतो, तापतो आणि मग गाडी थरथरायला लागते. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरच, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा. स्वस्त आहे, पण प्रत्येक गिअरला मान पुढे जाते नि मागे येते. तुमची कंबर बघता नकोच. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, चालेल, ऑइल वेळेवर बदलल्याचा पुरावा असेल तर. पूर्ण इलेक्ट्रिकबद्दल एकच विचारतो: घरी चार्जिंगची जागा आहे का? असेल तर बारा किलोमीटरला थकलेल्या बॅटरीची जुनी इलेक्ट्रिकही पुरून उरेल, आणि मग वरचं सगळं विसरा. नसेल तर रोजची वणवण पदरी येईल.

आता कंबर. इथे लोक सीटचं लेदर बघतात आणि टायर बघत नाहीत. एकाच मॉडेलच्या साध्या आवृत्तीला १९५/६५ आर १५ टायर असतो आणि भारी आवृत्तीला २२५/४० आर १८. दोन्हींची एकूण उंची जवळजवळ सारखी, ६३-६४ सेंटीमीटर. पण पहिल्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण १२.७ सेंटीमीटरची रबराची भिंत आहे, दुसऱ्यात फक्त ९. खड्ड्याचा दणका गाडीच्या आधी टायर झेलतो, आणि ते जवळपास पावणेचार सेंटीमीटर शेवटी तुमच्या मणक्याच्या वाट्याला येतात. म्हणून मोठी चकचकीत चाकं दिसली की भाव वाढवू नका, उलट घासाघीस करा. चालकाच्या दाराच्या खांबावर बहुधा एक स्टिकर असतो, त्यावर कंपनीला मान्य टायरची मापं असतात. लहान माप त्यात असेल तर चाकं बदलूनही घेता येतात. शॉकॲब्सॉर्बर आणि बुश (सांध्यांतले रबर) थकले असतील तर ते बदलायचा खर्चही आधीच धरून चाला, गाडी पुष्कळ सुधारते.

सीट तपासायची तर दहा मिनिटांच्या फेरीत काही कळत नाही, पहिली दहा मिनिटं प्रत्येक सीट चांगलीच वाटते. मी मालकाला सांगून गाडी उभी करून अर्धा तास नुसता बसलो होतो. तो दोनदा येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. खिशातलं पाकीट काढून बसा. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यात दोन-तीन बोटं जागा हवी, पण मांडी अधांतरी राहता कामा नये. स्टिअरिंग वर-खाली तर होतंच, पुढे-मागेही होतंय का ते बघा, नाहीतर पायाला जुळवलं की हात ताणले जातात. आणि सीटची उंची अशी हवी की गाडीत उतरावंही लागू नये, चढावंही लागू नये. कंबरवाल्यांचे खरे हाल बसण्यात नसतात, आत-बाहेर करण्यात असतात. दिवसातून आठदा.

डिझेल असो की पेट्रोल, बघायला जाताना ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातले फॉल्ट वाचणारं, छोटं यंत्र बरोबर न्या, ब्लूटूथने फोनला जोडता येतं. फॉल्ट दिसत नाही म्हणून खुश होऊ नका, त्यात 'रेडिनेस' नावाचा भाग उघडा. गाडी आपल्या धुराच्या यंत्रणेच्या स्वतःच चाचण्या घेत असते आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचं चालणं लागतं. सगळ्या चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर एक तर बॅटरी नुकतीच काढली होती, नाहीतर तुम्ही येणार म्हणून कुणीतरी फॉल्ट पुसून इशाऱ्याचा दिवा घालवलाय. डीपीएफवाल्या डिझेलच्या थंड सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवा. शाबूत जाळीची नळी आतून बऱ्यापैकी स्वच्छ असते. रुमाल काळाकुट्ट झाला तर जाळी फुटली आहे किंवा कापून फेकली आहे, आणि मग कागदावर युरो कितीही असो, तपासणीत अडकणार तुम्ही.

आणि विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर त्याने काहीतरी झाकायला ती आधीच चालवली असणार. चहा घ्या, बॉनेट थंड होईपर्यंत गप्पा मारा, आणि मग किल्ली मागा.