पेरणीला डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत) मिळत नाही. सोयाबीनला स्वस्त युरियाच जास्त टाकला तर चालेल का?

नाही, जास्तीचा युरिया अजिबात टाकू नका. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देतात. जास्तीच्या युरियाने झाड नुसतं माजतं, शेंगा वाढत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस), ३० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे, म्हणजे नत्राच्या दुप्पट स्फुरद. युरिया स्वस्त आहे तो सरकारी धोरणामुळे: ४५ किलोच्या गोणीचा दर केंद्रच ठरवतं, साधारण २६६ रुपये. स्फुरद-पालाशाच्या खतांना २०१० पासून अन्नद्रव्यानुसार ठरावीक अनुदान आहे, आणि डीएपी बरंचसं आयात होतं. त्यामुळे परदेशात भाव चढले की टंचाई थेट आपल्या तालुक्यात जाणवते. तरी डीएपी चढ्या भावाने घेऊ नका, सोबत नको ती खतं गळ्यात मारून घेऊ नका. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीऐवजी:

- सिंगल सुपर फॉस्फेट ३ गोण्या
- युरिया २० किलो

नत्र-स्फुरद जवळपास तेवढंच मिळतं, वर सुमारे १६ किलो गंधक, जे तेलबियांना हवंच असतं. मात्र हे मिश्रण लवकर ओलं होतं, म्हणून ऐन पेरणीच्या वेळीच मिसळा.