पत्ता आधी, टक्का नंतर

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी वाचला. "सर, नाकातला पॉलिप आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला पॉलिप नसलेल्या नाकाचा तुकडा, दोन्हीकडे केआय-६७ चा, म्हणजे विभागणाऱ्या पेशींच्या खुणेचा, टक्का जवळजवळ सारखाच येतोय. थिसिस बुडाला." बुडालाबिडाला काही नाही. चहा घे आणि केसपेपर काढ. मला एवढंच सांग, प्रत्येक तुकडा नाकात नेमका कुठून घेतला आणि ऑपरेशनआधी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किती दिवस चालू होतं?

लिहिलेलं नाही ना? वाटलंच.

रक्तस्राव कमी व्हावा म्हणून स्टिरॉइड आपणच देतो. इओसिनोफिल, म्हणजे सूज पेटवणाऱ्या पांढऱ्या पेशी, मरतात, सूज ओसरते, आणि त्याच शांत झालेल्या तुकड्यात आपण वाढ शोधत बसतो. कंट्रोलला तू सेप्टोप्लास्टीवाल्यांचं, म्हणजे नाकाचा वाकडा पडदा सरळ करून घेणाऱ्यांचं, इन्फिरिअर टर्बिनेट, नाकातला खालचा उंचवटा, घेतलंस, कारण ते हाताशी असतं. पॉलिप मात्र सहसा एथमॉइडमधून, म्हणजे डोळ्यांमधल्या सायनसमधून, मिडल मीएटस या नाकाच्या मधल्या खाचेत उतरतो. अगं, एकाच पॉलिपचं पुढचं, हवा लागणारं टोक घे, सिलिया, ते बारीक हलते केस, जाऊन स्क्वेमस, म्हणजे चपट्या पेशींचा, थर आलेला दिसेल. देठाशी चित्र वेगळं. पत्ता आधी, टक्का नंतर.

आणि टक्का तरी कुणाचा? केआय-६७ विश्रांतीतली पेशी सोडून विभाजनाच्या चक्रातली प्रत्येक पेशी पकडतो, लिम्फोसाइट ही पांढरी पेशीसुद्धा. एपिथेलियमच्या, म्हणजे वरच्या अस्तराच्या, तळाशी ओळीने बसलेल्या बेसल पेशींची तपकिरी रंगलेली केंद्रकं वेगळी मोज, खालच्या स्ट्रोमातली, म्हणजे आधाराच्या ऊतीतली, वेगळी. सरसकट मोजणं म्हणजे जत्रेतली डोकी मोजून गावाची शिरगणती करणं.

पेशंट म्हणतो, नाकात मांस वाढलंय. आपणही मनातून तसंच धरून चालतो. ती सोललेल्या द्राक्षासारखी गाठ चिमट्यात धरून बघ, बरंचसं पाणीच आहे, फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांच्या, जाळ्यात अडकलेलं. गाठ मोठी म्हणून विभाजन जास्त असलंच पाहिजे, हे कुणी सांगितलं? २०१८ साली बोस्टनच्या गटाने पॉलिपमधल्या एकेका पेशीतले जनुकांचे संदेश वाचले. बेसल पेशींची तिथे गर्दी होती, पण त्या पुढे पक्व होत नव्हत्या, आणि शरीराबाहेर वाढवल्यावरही आयएल-४, आयएल-१३ या ॲलर्जीच्या सुजेतल्या निरोप्या प्रथिनांची आठवण धरून होत्या. तुझा "सारखाच" टक्का कदाचित खरं बोलत असेल. पत्ता नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा ते कळत नाही, एवढंच.

माझ्या थिसिसमध्ये फरक झकास आला होता. शाबासकीही मिळाली. बाटल्यांवर मी बॉलपेनने नंबर टाकले होते. फॉर्मॅलिन सांडलं आणि दोन बाटल्यांचे नंबर विरघळले. ते मी अंदाजाने पुन्हा लिहिले. सबमिशनला नऊ दिवस होते, वडील दवाखान्यात होते, गाइडसमोर उभं राहायची छाती नव्हती. आणि दोन बाटल्यांनी निकाल उलटला नसता, हे मी आजही सांगू शकतो. बघ, अजून वकिली करतोच आहे.

तेव्हापासून माझ्या ट्रेला दोऱ्याने शिसपेन्सिल बांधलेली असते, कारण फॉर्मॅलिनने शिसं पुसलं जात नाही. बाजू, जागा, औषध लिहिल्याशिवाय झाकण लावू देत नाही. सिस्टर वैतागतात. वैतागू देत.

गुरुवारी ओपीडी संपल्यावर ये. स्लाइड आणू नकोस, केसपेपर आण. ज्यांचे सापडणार नाहीत त्या केस आपण दोघं मिळून खोडू. कमी उरल्या तर गाइडशी मी बोलेन.