शेवटच्या नळाचा रकाना

नागपूर

प्रिय बेटा,

पाणीपुरवठ्याच्या देखरेखीसाठी तू तयार केलेलं प्रपत्र पाहिलं. मेहनत दिसते. रकाने साठच्या वर गेलेत, तेही दिसतं. डॅशबोर्ड तर इतका देखणा झालाय की आढावा बैठकीत साहेब खूश होतील आणि काम संपलं असं तुलाही वाटेल. म्हणून घाईने लिहितोय.

प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने एक वाक्य लिही : हा आकडा वाईट आला तर कोण, कधीपर्यंत, काय करणार? ‘बीडीओ (गटविकास अधिकारी) लक्ष घालतील’ हे उत्तर धरायचं नाही. ‘पंप जळाला तर ग्रामपंचायत अधिकारी त्याच दिवशी उपअभियंत्याला कळवेल, तीन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर टँकरचा प्रस्ताव तहसीलला जाईल’, हे उत्तर. जिथे पेन्सील अडेल तो रकाना खोड. माझा अंदाज, पंधराएक उरतील. ‘पुढेमागे कामी येईल’ म्हणून ठेवलेली माहिती कोणी उघडून बघत नाही, पण ती भरण्यात भिवापूरच्या टोकावरच्या गावातला माणूस दर महिन्याला अर्धा दिवस घालवतो. मग तो मागच्या महिन्याचे आकडे जरा वरखाली करून पाठवायला लागतो. त्याच्यावर चिडू नकोस. साठ रकान्यांचं प्रपत्र माणसाला तेच शिकवतं.

आता मुख्य आकडा. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्यातली कार्यात्मक नळजोडणीची व्याख्या चांगली आहे : दरडोई रोज ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित. पण यातलं मोजायला सगळ्यात सोपं काय? जोडणी. तोटी दिसते, फोटो निघतो, बिलही निघतं. मे महिन्यात त्या तोटीतून पाणी आलं का, हे बघायला मात्र माणूस पाठवावा लागतो. म्हणून आपल्याकडे जोडण्यांची टक्केवारी चढत जाते, आणि काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात, जिथे वर्षानुवर्षं बोअर खोल खोल जात राहिलेत, तिथली बाई उन्हाळ्यात चढलेल्या टक्केवारीसकट विहिरीवर जाते.

तुझ्या प्रपत्रात टाकीची क्षमता आहे, पंपाची अश्वशक्ती आहे, लाइनची लांबी आहे. शेवटचं घर नाही. प्रत्येक गावात वितरण वाहिनीच्या टोकाची चार-पाच घरं नकाशावर ठरवून टाक. उंचावरची वस्ती आणि गावाबाहेरचा भटक्यांचा बेडा वेगळा धर, कारण दाब तिथेच आधी कमी पडतो. तिथे एवढंच विचारायचं : काल पाणी आलं का, किती वेळ आलं, किती गुंड (घागरी) भरले? लिटर विचारू नकोस, लिटर कोणी सांगत नाही. गुंड मात्र बरोबर मोजलेले असतात. त्या घरचा गुंड एकदा मापून घेतला की पुढचा हिशेब तू कर. टोकाला पाणी पोचत असेल तर मधल्या घरांची चिंता बरीच कमी होते.

भाजकाकडेही बघ. स्वच्छ भारतमध्ये शौचालयांची टक्केवारी २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणातल्या कुटुंबांवर काढली जायची. त्यानंतर भाऊ वेगळे झाले, नवी चूल मांडली, ती घरं यादीतच नव्हती. शंभर टक्के झाल्यावर ‘पायाभूत यादीतून सुटलेले’ म्हणून त्यांना वेगळं शोधावं लागलं. तुझ्या प्रपत्रातली एकूण घरं कुठल्या वर्षाच्या यादीतली आहेत? तू लिहिलेलं नाहीस. लिही, आणि ती यादी दरवर्षी कोण दुरुस्त करणार तेही लिही. आणखी एक बारीक गोष्ट : शून्य, निरंक (नोंदवण्यासारखं काही नाही) आणि ‘माहिती आलीच नाही’ यांना वेगळे संकेत दे. एक्सेलमध्ये तिन्ही रिकामे चौकोन झाले की सरासरी कशाची काढतोय हेच कळत नाही.

जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो सक्तीचा करायचा तुझा विचार आहे. थांब जरा. मनरेगात हजेरीसाठी एनएमएमएस अ‍ॅप आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांना लागू झालं, दिवसातून दोन फोटो. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढतायत, फोटोचा फोटो काढला जातोय. राज्याचं मनरेगा आयुक्तालय आपल्याच शहरात आहे, तिथे कोणाशी ओळख काढ आणि चहा पीत हा विषय ऐक. फोटो तपासायला माणूस नसेल तर फोटो म्हणजे नुसतं जास्तीचं ओझं.

त्याऐवजी थोडी घरं, पण खरी तपासणी. एका देखरेख-क्षेत्रातून (एका माणसाच्या देखरेखीखालच्या गावांतून) चिठ्ठ्या टाकून १९ घरं निवड. ८० टक्क्यांचं उद्दिष्ट असेल तर १३ किंवा जास्त घरांत ‘हो’ मिळालं की ते क्षेत्र ठीक धरायचं, १२ किंवा कमी असेल तर आधी तिकडे जायचं. कारखान्यात मालाचा लॉट तपासतात त्यातूनच ही रीत आली आणि आरोग्य कार्यक्रमांत रुळली. तिच्यातून तंतोतंत टक्केवारी निघत नाही, पण आधी कुठे जायचं ते कळतं. तपासणारा दुसऱ्या पंचायत समितीचा हवा. आणि हे जिल्हा परिषदेच्या सीईओ मॅडमकडून लेखी घे : तपासणीत तफावत निघाली तर पहिल्या वेळी नोटीस नाही. वाईट आकडा खरा सांगणाऱ्याला बैठकीत सगळ्यांसमोर उभं केलं की पुढच्या महिन्यापासून अख्खा जिल्हा हिरवा दिसतो. असे हिरवे जिल्हे मी पुष्कळ पाहिलेत.

देखरेख म्हणजे काम चाललंय का. त्या कामाने फरक पडला का, हा प्रश्न वेगळा, आणि तो योजना संपल्यावर विचारून चालत नाही. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबरच कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी राहिली होती, आणि योजना राबवणाऱ्या खात्यापासून ती वेगळी ठेवली होती. हे शहाणपण जुनं आहे, आपण ते अधूनमधून विसरतो. पाणी अडवण्या-जिरवण्याचं राज्याचं जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगने (महालेखापरीक्षकांनी) म्हटलं की भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. त्यावर राजकारण व्हायचं ते झालं. मला खटकतं ते निराळंच. पाऊस चांगला झाला की सगळ्याच विहिरी वर येतात, काम झालेल्या गावच्याही आणि न झालेल्याही. दरवर्षी ५००० गावं घ्यायची असं उद्दिष्ट होतंच. सारख्याच टंचाईच्या गावांमधून कोणती आधी घ्यायची हे चिठ्ठीने ठरवलं असतं, तर उरलेली गावं आपोआप तुलनेला मिळाली असती. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातातच, खर्च फारसा वाढला नसता. तुझ्या पुढच्या टप्प्याची गावं अजून जाहीर व्हायची आहेत ना? मग ती चिठ्ठीने निवडावीत अशी टिप्पणी आत्ताच टाक.

डिसेंबर जवळ येतोय. नागपूरचं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि ‘आज दुपारी दोनपर्यंत माहिती द्या’ यात तुझे तीन आठवडे जातील. एकाच प्रश्नाला दोन टेबलांवरून दोन आकडे जायला नकोत, म्हणून दर महिन्याच्या ५ तारखेची एक प्रत गोठवून ठेव. उत्तरात तारीख घालायची, आणि मागाहून दुरुस्ती झाली तर ती वेगळ्या ओळीत, कोणी आणि का केली ते लिहून. जुना आकडा खोडायचा नाही.

रविवारी सकाळी घरी ये. कुहीकडचा एक ग्रामपंचायत अधिकारीही येणार आहे. खोडलेलं प्रपत्र छापून आण, मोबाइलवर मला काही दिसत नाही. ते त्याच्या हातात देऊ आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू. वीस मिनिटांच्या वर गेलं तर तिथेच बसून पुन्हा खोडू.

तुझे,
काका