रॉटवायलर आणि आर्मीच्या बेसवरचं घर

ताई, अमेरिकन आर्मीत असलेल्या नवऱ्याची बदली झाली आहे, बेसवरच (लष्करी तळावरच) घर हवंय, आणि कुत्रा रॉटवायलर जातीचा आहे म्हणून कागदोपत्री ‘लॅब मिक्स’ (लॅब्राडॉरचा संकर) लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून तसं लिहू नका.

अमेरिकन आर्मीच्या जानेवारी २००९ च्या धोरणानुसार खासगी कंपन्या चालवतात त्या वसाहतींत पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन, चाऊ आणि लांडग्याशी संकर झालेले कुत्रे ठेवता येत नाहीत. मरीन कोअर या अमेरिकेच्या दुसऱ्या सैन्यदलानेही त्याच वर्षी बंदी घातली. आदल्या वर्षी कॅम्प लेजून या मरीन कोअरच्या तळावरच्या वसाहतीत तीन वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला होता. त्यामुळे ही भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या कुत्र्याचा स्वभाव न पाहता जातीवरून त्याला दार बंद करणं मला आजही पटत नाही. तरी नियम भाडेकरारात असतो. खोटी नोंद उघडी पडली तर घर सोडावं लागेल, आणि गोष्ट नवऱ्याच्या वरिष्ठांपर्यंतही जाऊ शकते.

इमोशनल सपोर्टचं, म्हणजे मानसिक आधारासाठी कुत्रा गरजेचा आहे असं सांगणारं पत्र ऑनलाइन विकत घ्यायचा सल्लाही कुणी देईल. ज्यांना खरी गरज आहे त्यांना फेअर हाउसिंग कायदा (घर देताना भेदभाव रोखणारा अमेरिकन कायदा) आधार देतो, आणि अशा विकतच्या पत्रांमुळे त्यांच्याकडेच संशयाने बघितलं जातं.

माझं मत स्पष्ट आहे: बेसबाहेर घर घ्या. बेसवर राहिलात तर घरभत्ता वसाहत चालवणाऱ्या कंपनीकडे जातो, बाहेर तो तुमच्या हातात राहतो. घरमालकाला जात आधीच सांगा. लसीकरणाची कागदपत्रं, ट्रेनिंगचं प्रमाणपत्र आणि आधीच्या घरमालकाचं पत्र सोबत ठेवा. भाडेकरूचा विमा घेताना बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच कंपन्या रॉटवायलर वगळतात. प्रवासाच्या पावत्या जपा: १ जानेवारी २०२४ पासून बदलीत एका पाळीव प्राण्यासाठी देशांतर्गत ५५० डॉलरपर्यंत आणि परदेशी बदलीला २,००० डॉलरपर्यंत परतावा मिळतो.

पुढे कधी जर्मनीला जायची वेळ आली तर मात्र आधीपासून तयारी लागेल. पिटबुल तिथे नेताच येत नाही. रॉटवायलर नेता येतो, पण ग्राफनवोर आणि फिल्झेक हे अमेरिकन आर्मीचे तळ ज्या बव्हेरिया राज्यात आहेत तिथे तज्ज्ञाकडून त्याच्या स्वभावाची चाचणी करून घ्यावी लागते. पिल्लू ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी दिलेले कागद असतील तर तेही फाइलमध्ये लावून ठेवा.