टीव्हीवाल्यांना निळा रंग एवढा का छळतो?

मागच्या अंकात टीव्ही आणि मोबाईलच्या स्क्रीनबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर मेल, पत्रं, व्हॉट्सअॅप सगळं मिळून ढीगच आला. "कुठला घेऊ" विचारणारे सगळ्यात जास्त, पण काही प्रश्न इतके छान होते की मलाही जुन्या वह्या काढून बसावं लागलं. आज तेच घेते.

प्रश्न: ताई, नवा टीव्ही घ्यायचाय. दुकानदार एकदा म्हणतो क्यूएलईडी घ्या, एकदा म्हणतो ओएलईडी घ्या. नावात एका अक्षराचा फरक आणि किंमत बघितली तर छातीत धडकी भरते. नक्की वेगळं काय असतं? (एक वाचक, सांगली)

नावं सारखी आहेत पण जात पूर्ण वेगळी आहे बघा. क्यूएलईडी म्हणजे मुळात आपला एलसीडीच, मागे दिवे लावलेले आणि पुढे लिक्विड क्रिस्टलच्या बारीक बारीक झडपा, ज्या उजेड सोडतात किंवा अडवतात. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, स्वतः पेटतो आणि काळं दाखवायचं असलं की चक्क विझतो. झडप मात्र कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड झिरपतोच, म्हणून रात्री खोलीतला लाईट घालवून एखादा अंधारातला सीन लावला की एलसीडीवर काळा रंग राखाडी दिसतो. एलसीडीच्या आयपीएस नावाच्या प्रकारात कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ, साधारण १०००:१ असतो, व्हीए नावाच्या प्रकारात ३००० ते ५००० च्या आसपास. ओएलईडीत काळा म्हणजे शून्यच, त्यामुळे तिथे या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

मग तो क्यू कशाचा? क्वांटम डॉटचा. हे काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण असतात आणि त्यांचा रंग ठरतो फक्त आकारावरून, पदार्थ तोच, पण कण लहान असला तर निळसर-हिरवा आणि मोठा असला तर लाल. एकीमोव्ह या शास्त्रज्ञांना हे रंगीत काचेत दिसलं, ब्रुस यांना १९८३ मध्ये द्रावणात, आणि बावेंदी यांनी १९९३ मध्ये हे कण हव्या त्या आकाराचे, एकसारखे बनवायची पद्धत काढली. तिघांना मिळून २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टीव्हीत काय करतात तर मागचे दिवे निळे ठेवतात, पुढे या कणांची फिल्म लावतात, आणि कण निळ्याचा थोडा भाग घेऊन शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा करून देतात. रंग भडक नाही तर स्वच्छ होतात, हा फरक लक्षात ठेवा.

तुमचा हॉल दिवसा उजेडाचा असेल, समोर खिडकी असेल, तर चांगला क्यूएलईडी घ्या, त्यातही मिनी एलईडीवाला, कारण त्यात मागचे दिवे गटागटाने मंद होतात. फक्त काळ्या सीनवर पांढरी सबटायटल आली की अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं, ते दुकानातच मुद्दाम लावून बघा. रात्री अंधार करून सिनेमे बघणारे असाल आणि परवडत असेल तर ओएलईडीच.

प्रश्न: आमच्याकडे ओएलईडी आहे. आईबाबा दिवसभर बातम्या लावून बसतात. आता चॅनेल बदललं तरी खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो पुसट दिसत राहतो. पॅनेल जळलं का? (एक वाचक, नाशिक)

जळलं नाही, झिजलं. प्रत्येक पिक्सेलमधला सेंद्रिय पदार्थ वापरानं हळूहळू मंद होतो, सगळे सारखे मंद झाले असते तर कळलंही नसतं, पण लोगोच्या जागचे पिक्सेल रोज दहा तास पूर्ण ताकदीनं पेटले आणि शेजारचे नाही, म्हणून तो फरक डोळ्याला दिसतो.

आता एक गोष्ट सांगते जी आपल्याकडे हमखास चुकते. ओएलईडी टीव्ही काही तास चालला की रिमोटनं बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःच पिक्सेल तपासतो आणि कुठला किती झिजलाय त्याप्रमाणे करंट जुळवून घेतो. आपण काय करतो, रात्री झोपताना भिंतीवरचं बटण खटकन बंद. लहानपणापासूनची सवय, वीज वाचते म्हणून. पण मग ते काम कधी होतच नाही. म्हणून बाबांना सांगा की रिमोटनं बंद करून निदान तासभर तरी मेन स्विच चालू ठेवा, ब्राईटनेस निम्म्यावर आणा, मेनूत लोगो मंद करायची सोय असेल तर ती चालू करा. आता उमटलेलं पूर्ण जाईलच असं नाही, पण वाढायचा वेग कमी होईल.

आणि यात सगळ्यात आधी झिजतो तो निळा. खरं वाटत नसेल तर ओएलईडी मोबाईलवर पांढरं पान उघडा, बोट ओलं करून अगदी बारीक थेंब काचेवर सोडा, थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या आत लाल, हिरवे, निळे ठिपके दिसायला लागतात. फोटो काढून झूम केलात तर बऱ्याच फोनमध्ये निळा ठिपका सगळ्यात मोठा दिसेल. तो सुंदर दिसावा म्हणून मोठा नाही केलेला, क्षेत्रफळ जास्त असलं की तेवढ्याच उजेडासाठी दर चौरस मायक्रॉनला करंट कमी लागतो आणि बिचारा जरा जास्त टिकतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा कितीतरी वेळ तो थेंब हलवत बसले होते.

प्रश्न: मॅडम, मी बीएस्सी फिजिक्सला आहे. सगळीकडे वाचतोय की डिस्प्लेमध्ये निळ्याचा प्रॉब्लेम आहे. एवढी नोबेलं मिळाली तरी अडलंय कुठं? आणि या क्षेत्रात भारतात काही झालंय का? (एक विद्यार्थी, पुणे)

फार नेमका प्रश्न विचारलास, जरा सविस्तर सांगते.

निळ्याचं दुखणं जुनंच आहे. लाल एलईडी १९६२ मध्ये आला, पण झगझगीत निळा यायला १९९३ उजाडलं, म्हणजे तीस वर्षं. निळ्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढवताच येत नव्हता, बहुतेकांनी नाद सोडला होता, आणि आकासाकी, अमानो आणि नाकामुरा हे तिघे चिकटून राहिले. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याचंच. आज तुझ्या खोलीतला पांढरा एलईडी बल्ब म्हणजे आत निळाच दिवा आणि वर पिवळा फॉस्फर (उजेड पडला की स्वतः चमकणारा पदार्थ), आणि एलसीडी टीव्हीच्या मागचे दिवेही त्याच घराण्यातले.

ओएलईडीची गोष्ट वेगळी. १९८७ मध्ये कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ सेंद्रिय थर एकावर एक देऊन १० व्होल्टच्या आत हिरवा उजेड काढून दाखवला, तिथून हे सगळं सुरू झालं. पण त्यात एक क्वांटमची गाठ आहे. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र आले की जी उत्तेजित अवस्था तयार होते ती स्पिनच्या हिशेबानं दोन प्रकारची असते, २५ टक्के वेळा सिंग्लेट आणि ७५ टक्के वेळा ट्रिप्लेट. साध्या फ्लुओरेसंट पदार्थात सिंग्लेटच उजेड देतात, म्हणजे चारातले तीन वाया, नुसती उष्णता. १९९८ च्या सुमाराला फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटानं जड धातूचे, पुढे मुख्यतः इरिडियमचे रेणू घालून ट्रिप्लेटकडूनही उजेड काढून घेतला, त्यात आतली कार्यक्षमता जवळजवळ १०० टक्क्यांवर जाते. लाल आणि हिरव्यासाठी हे केव्हाच बाजारात आलं. निळ्यासाठी घोडं अडलं.

का ते बघ. लाल फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, साधारण २ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा, निळा पावणेतीनच्या आसपास. ट्रिप्लेट अवस्था जास्त वेळ टिकते, मग दोन शेजारी ट्रिप्लेट एकमेकांवर आदळतात आणि एकाची ऊर्जा दुसऱ्यात जाते. निळ्यात ही बेरीज एवढी होते की रेणूतला बंधच तुटतो. म्हणजे निळा उजेड देणारा रेणू स्वतःच्याच ऊर्जेनं मरतो. यावर एक वाट जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवली, जड धातू न वापरता खोलीतल्या उष्णतेच्या मदतीनं ट्रिप्लेटला परत सिंग्लेट करायचं. दुसरी वाट म्हणजे थरांवर थर देऊन काम वाटून घ्यायचं, आणि २०२५ च्या मे महिन्यात एलजी डिस्प्लेनं जाहीर केलं ते असंच मिश्र पॅनेल आहे, एका थरात जुना टिकाऊ फ्लुओरेसंट निळा आणि दुसऱ्यात नवा फॉस्फोरेसंट, म्हणजे ट्रिप्लेटकडूनही उजेड काढणारा निळा. मला ही अर्ध्या वाटेची तडजोड वाटते, पण पंचवीसेक वर्षांच्या झगड्यानंतर अर्धी वाटही थोडी नाही.

भारताचं म्हणशील तर अभिमान वाटावा असं एक नाव आहे, शिवरामकृष्ण चंद्रशेखर. ताऱ्यांवाले नोबेलविजेते चंद्रशेखर नव्हेत, हे वेगळे. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आणि सदाशिव, सुरेश या सहकाऱ्यांनी थाळीसारख्या चपट्या रेणूंचं लिक्विड क्रिस्टल शोधलं, तोवर सगळे काडीसारखे रेणूच धरून बसले होते. पेपर छापला तो आपल्याच 'प्रमाणा' या नियतकालिकात. पुढे जपानच्या फुजीनं अशाच थाळी-रेणूंची फिल्म बनवली आणि एलसीडी बाजूनं बघितला की रंग उलटे दिसायचे ते कमी झालं. बंगळुरूत त्यांनी सुरू केलेलं केंद्र आज सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस म्हणून चालतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तिथे लिहून बघ, मनापासून सांगते.

प्रश्न: मुलं हसतात, पण मला अजूनही वाटतं की आमच्या जुन्या खोका टीव्हीवर क्रिकेटचा चेंडू जास्त स्वच्छ दिसायचा. माझे डोळे गेलेत की मी चुकतोय? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

काका, तुम्ही चुकत नाही आहात. चित्र एकूण आजच्याइतकं रेखीव नव्हतं हे खरं, पण हालचाल तिथे खरंच स्वच्छ दिसायची.

खोका टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत काचेवरच्या फॉस्फरवर पडला की तो ठिपका एक-दोन मिलिसेकंद उजळायचा आणि मावळायचा, सेकंदाला ५० वेळा हे चालायचं, मधला बराच वेळ अंधार. आताचा टीव्ही एक चित्र दाखवतो आणि पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो, सेकंदाला ६० चित्रं धरली तर जवळजवळ १७ मिलिसेकंद. चेंडू ३८४० पिक्सेलची रुंदी एका सेकंदात पार करत असेल तर दर चित्राला तो ६४ पिक्सेल पुढे जायला हवा, आपला डोळा त्याच्यामागे सलग सरकत असतो पण चित्र जागीच उभं, म्हणून तो फरक डोळ्याच्या पडद्यावर फरफटल्यासारखा पसरतो. ओएलईडीचा पिक्सेल मिलिसेकंदाच्या आत बदलतो तरी तिथेही हे दिसतं. उपाय म्हणजे मध्ये काळं चित्र घालणं, पण त्यानं उजेड कमी होतो, किंवा मधली चित्रं टीव्हीनंच कल्पनेनं बनवणं. हे दुसरं क्रिकेटला चालू ठेवा आणि सिनेमाला नक्की बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. २०२० पासून काही टीव्हींत फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की हे आपोआप बंद होतं.

प्रश्न: दुकानात फोरके टीव्ही काय दिसत होता, घरी केबल लावली तर जुन्यापेक्षा वाईट. फसवलं का? आठके घ्यायला हवा होता का? (एक वाचक, सोलापूर)

आठकेचं नावही काढू नका. साध्या चॅनेलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ पिक्सेल असतात आणि तुमच्या टीव्हीत ३८४० गुणिले २१६०, भागून बघा, बरोबर वीसपट. म्हणजे एका पिक्सेलच्या माहितीतून टीव्हीला वीस भरायचेत, त्यात केबलवाल्याचं कॉम्प्रेशन. दुकानात मुद्दाम शूट केलेलं फोरके चालू असतं, तेही भडक मोडमध्ये. एचडी पॅक घ्या आणि पिक्चर मोड सिनेमा आणि वॉर्म ठेवा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतील.

५५ इंची फोरकेचा एक पिक्सेल साधारण ०.३२ मिलिमीटरचा. चांगल्या डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग वेगळा कळतो, त्या हिशेबानं हे पिक्सेल सुटे दिसायला साडेतीन फुटांवर बसावं लागेल. फुल एचडीचे सात फुटांपर्यंत. सोफा नऊ फुटांवर असेल तर अजून पिक्सेल वाढवून डोळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. त्यापेक्षा पॅनेल १० बिटचं आहे का ते विचारा. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४, आणि सूर्यास्ताच्या आकाशात जे पट्टे पट्टे दिसतात ते या पायऱ्यांमुळेच.

प्रश्न: रात्री मोबाईल मंद करून वाचला की डोकं दुखतं. (एक वाचक, ठाणे)

बरेच ओएलईडी फोन मंद व्हायला उजेड कमी करत नाहीत, तर सेकंदाला शेकडो वेळा स्क्रीन चालू-बंद करतात आणि बंदचा वेळ वाढवतात. काही जणांना हे सोसत नाही. अंधारात ब्राईटनेस अगदी खाली आणून स्क्रीनसमोर पेन्सिल जोरात हलवा, सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. मग सेटिंगमध्ये डीसी डिमिंग (लुकलुक न करता करंट कमी करून मंद करणं) किंवा फ्लिकर कमी करायचा पर्याय शोधा, नसेल तर खोलीत छोटा दिवा लावून ब्राईटनेस निम्म्यावर ठेवून वाचा. तरीही डोकं दुखत राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नंबरही असू शकतो.